छिन शी ह्वांग याच्या राजवटीचा अभ्यास कसा करावा

चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याला क्रूरकर्मा ठरवावे की राष्ट्रनिर्माता, हा निवाडा आरंभी बाजूला ठेवावा आणि आधी कालक्रम पक्का करावा. इ.स.पू. २५९ मध्ये जन्म, २४६ मध्ये छिन राज्याची गादी, २३० ते २२१ या काळात सहा राज्यांचा पाडाव आणि २१० मध्ये दौऱ्यावर असताना मृत्यू, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. सम्राटपदाची जेमतेम अकरा वर्षे लाभलेल्या या माणसाने लिपी, नाणी आणि वजनमापे देशभर एकसारखी केली.

त्यानंतर सिमा छ्येन याचा ‘शीजी’ हा इतिहासग्रंथ वाचावा. ग्रंथदहन आणि ४६० हून अधिक विद्वानांची हत्या या कथा प्रामुख्याने तेथूनच आलेल्या आहेत. मात्र तो सुमारे शंभर वर्षांनंतर, छिन घराण्याची जागा घेतलेल्या हान घराण्याच्या दरबारात लिहिला गेला, हे पानोपानी स्मरणात ठेवावे.

खरा कस लागतो तो कायद्याच्या कागदपत्रांशी ताळा घालताना. हूबेई प्रांतातील श्वेईहूदी येथे १९७५ मध्ये शी नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या थडग्यात अकराशेहून अधिक लिखित बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांतील काही कायदे एकीकरणापूर्वीचे आहेत, म्हणून ते जपून वापरावेत. परंतु नांगराच्या बैलाचा घेर घटला तर त्याची निगा राखणाऱ्याला प्रत्येक इंचवजा मापामागे दहा फटके, इतक्या बारकाव्यापर्यंत पोहोचणारी ही राजवट दुसरीकडे कोठेही इतकी जवळून दिसत नाही. ‘शीजी’नुसार छिन राजवटीविरुद्धचे चन शंग याचे बंड इ.स.पू. २०९ मध्ये पेटले, कारण पावसाने उशीर झालेल्या सैनिकांना मृत्युदंड अटळ होता. या पट्ट्यांमध्ये मात्र सरकारी वेठीला उशीर केल्यास तीन ते पाच दिवसांसाठी केवळ समज, दहा दिवसांहून अधिक उशिरासाठी एका चिलखताइतका दंड आणि पाऊस असल्यास वेठच रद्द, असे नमूद आहे. वेठ आणि लष्करी सेवा यांचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे एवढ्यावरून ‘शीजी’ला खोटे ठरवण्याची घाई करू नये.

हीच पद्धत वारसाच्या प्रश्नालाही लावावी. सम्राटाची आज्ञा बदलून धाकटा मुलगा हूहाय याला गादीवर बसवले, असे ‘शीजी’ सांगतो. पेकिंग विद्यापीठाकडील हानकालीन बांबूपट्ट्यांत मात्र त्याच्या निवडीला खुद्द सम्राटानेच मान्यता दिल्याचे लिहिलेले आहे.