ॲनाटॉमीचे शब्द उच्चारताना या चुका टाळा

बीएस्सी किंवा जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचे पुस्तक हाती येते आणि मुले-मुली स्पेलिंग दिसेल तसे वाचू लागतात. घोटाळा तिथेच सुरू होतो. बोलण्यात वऱ्हाडी-नागपुरी हेल राहिला तर काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला दुसराच अवयव ऐकू आला, तर मात्र बिघडते. म्हणून मेहनत आधी अशा जोड्यांवर घ्या.

युरीटर आणि युरीथ्रा. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या दोन नळ्या म्हणजे युरीटर, प्रत्येकी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर. मूत्राशयातून बाहेर येणारा मार्ग म्हणजे युरीथ्रा, बायकांमध्ये जेमतेम 4 सेंटिमीटर. दोन्ही शब्दांत जोर ‘री’वर येतो, शेवट गिळला जातो आणि दोहोंचे मिळून ‘युरेट्रा’ होते. फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, जातो तो युरीथ्रातून. ‘टर’ आणि ‘थ्रा’ स्वच्छ ऐकू आलेच पाहिजेत.

पेरिनिअल, पेरोनिअल, पेरिटोनिअल. इथे फसवतो तो मधला स्वर. बाळंतिणीची घेतो ती पेरिनिअल केअर, म्हणजे योनी आणि गुदद्वाराच्या आसपासच्या भागाची काळजी. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने, फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या) मानेला वळसा घालून जाते ती पेरोनिअल नर्व्ह. तिच्यावर दाब राहिला की पाऊल लोंबते. पेरिटोनिअल म्हणजे पोटातल्या आवरणाचे. घाईत ‘पेर्निअल’ म्हटले तर यातले कोणते, हे कोणालाच कळणार नाही. ‘रि’ आणि ‘रो’वर क्षणभर थांबा.

इलियम. कमरेचे हाडही इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम. दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे कितीही घोकले तरी फरक ऐकू येणार नाही. ‘इलियम बोन’ किंवा ‘टर्मिनल इलियम’ असे जोडूनच म्हणा. लिहिताना स्पेलिंगचा शेवट बघा: आतड्याच्या इलियमला ‘ई-यू-एम’ येते, हाडाला ‘आय-यू-एम’.

ॲबडक्शन-ॲडक्शनलाही हीच सावधगिरी हवी. अवयव शरीरापासून दूर नेणे ते पहिले, जवळ आणणे ते दुसरे. कित्येक शिक्षक मुद्दाम ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असे फोडून म्हणतात. तीच सवय लावून घ्या.

आता न उच्चारायची अक्षरे. सोअस आणि टेरिगॉइडमधला सुरुवातीचा ‘पी’ मुका. डायफ्रॅममधला ‘जी’ मुका, पण डायफ्रॅगमॅटिक म्हणताना तो परत येतो. झायफॉइडची सुरुवात ‘एक्स’ने होते, तरी उच्चार ‘झा’. ‘सी-एच’चा बहुतेक ठिकाणी ‘क’: ट्रेकिया, इस्किअम, ट्रोकँटर. बीपी घेताना कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवतो ती धमनी ब्रेकिअल, ‘ब्राचिअल’ नव्हे. सीकम आणि ईसॉफॅगसमध्ये दोन स्वर मिळून ‘ई’ होतो. फॅरिंक्स-लॅरिंक्सचे ‘फॅरनिक्स-लॅरनिक्स’ करू नका. हाड फीमर, पण धमनी फेमोरल. अनेकवचने वेगळी पाठ करावी लागतात: ब्राँकाय, ॲल्व्हिओलाय, व्हर्टिब्री.

नागपुरात वॉर्डातले बरेच बोलणे हिंदीतून चालते. मेडिकलला काय, मेयोला काय, इथल्या या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटकडचे पेशंट असतातच. त्या ओघात ‘इस्कॅप्युला’, ‘इस्टर्नम’ तोंडी बसते. आधी नुसता ‘स्स्स’ लांबवा आणि श्वास न तोडता ‘कॅप्युला’ जोडा. पुढचा ‘इ’ गळून पडतो. पेशंटशी बोलताना मात्र स्कॅप्युला नकोच, ‘खांद्याचे पाते’ म्हणा.

सराव जोडीने करा. एकीने शब्द एकदाच म्हणायचा, दुसरीने ऐकून स्पेलिंग आणि अवयवाची जागा, दोन्ही लिहायचे. स्पेलिंग चुकले तर शब्द तुकड्यांत फोडून, जोराच्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारून पुन्हा म्हणा. जागा चुकली तर तो शब्द त्याच दिवशी मॉडेलवर बोट ठेवून, पूर्ण वाक्यात म्हणा: ‘कॅथेटर युरीथ्रातून ब्लॅडरमध्ये गेला.’ सुटा शब्द व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बरोबर येतो आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हर देण्याच्या घाईत घसरतो, कारण वाक्यात तो जिभेवर बसलेलाच नसतो.