फोनवर पक्ष्याचा आवाज टिपताना

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तूर गायला लागला की हात आपोआप फोनकडे जातो. त्याआधीच एक सेटिंग बघून ठेवा: रेकॉर्डिंग वॅव्ह (WAV, म्हणजे आवाज न गाळता साठवणाऱ्या) फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं) हवं. एमपी३ फाइल लहान करताना आवाजातले बारकावे गाळते आणि ते नंतर परत मिळत नाहीत. ॲपमधलं नॉइज रिडक्शनही बंद करा. ते माणसाच्या बोलण्यासाठी असतं, बारीक शीळ त्यात सहज कापली जाते.

फोनचा मुख्य माइक बहुधा खालच्या कडेला असतो, तीच कड पक्ष्याकडे धरा. ओढ्याकडे पाठ करून उभं राहता आलं तर फारच छान. शेवटी तारीख, वेळ, जागा स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा.

घरी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले उंच-खालचे सूर दाखवणारं चित्र, लावा. पाण्याचा खळखळाट धुरकट पट्ट्यासारखा पसरलेला दिसतो, आणि कस्तुराची शीळ म्हणजे त्यातून वळणं घेत जाणारी ठळक रेघ. मला हा भाग सगळ्यात आवडतो. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव सुचवलं तरी ती रेघ झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरच्या दोन-चार नमुन्यांशी स्वतः ताडून बघा.