भयंकर गुन्ह्याची बातमी आली की लगेच निकाल न लावता ती कशी वाचायची

खुनाची किंवा बलात्काराची बातमी येते, तासाभरात कुणाचा तरी फोटो सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो आणि खाली सुरू होतं, फाशी द्या, आमच्या ताब्यात द्या. राग येणारच, यायलाच हवा, तो गिळून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्या रागात आपण काय करणार आणि काय नाही हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण एखाद्याचं नाव एकदा बदनाम झालं की ते परत धुऊन निघत नाही.

सगळ्यात आधी बघा गोष्ट नेमकी कुठपर्यंत आलीये. चौकशीला बोलावलंय, अटक झालीये, आरोपपत्र दाखल झालंय की कोर्टाने दोषी ठरवलंय? यात जमीनअस्मानाचा फरक आहे, चौकशीला तर साक्षीदारांनाही बोलावतात, पण हेडलाईनमध्ये सगळ्यांचं एकच होतं, नराधम सापडला. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा हे 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 11 मध्ये लिहिलंय, आणि याचा साधा अर्थ असा की सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्या सरकारी पक्षावर, आरोपीने स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करत बसायचं नाही.

मग कबुलीकडे या. "त्याने गुन्हा कबूल केला" हे वाचलं की आपल्यासाठी केस संपते, पण इथेच जरा थांबा. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करणाऱ्या एका बाईवर भयानक हल्ला आणि बलात्कार झाला, 14 ते 16 वर्षांची पाच पोरं पकडली, तासन्‌तास चौकशी झाली, चौघांच्या कबुल्या तर व्हिडिओवर होत्या, आख्खं शहर त्यांच्यावर तुटून पडलेलं. पाचही जणांना शिक्षा झाली. 2002 मध्ये दुसऱ्याच एका गुन्हेगाराने सांगितलं की ते मी केलं, एकट्याने केलं, डीएनए त्याचाच निघाला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ही पोरं पकडली गेल्यानंतर, 1989 च्याच जूनमध्ये, त्या खऱ्या गुन्हेगाराने एका गरोदर बाईचा खून केला होता. म्हणून "तुम्ही आरोपीची बाजू घेताय" असं कुणी म्हणालं की हे सांगा, चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर मोकळा फिरतो.

चेहऱ्यावरून निकाल लावायचा नाही, हे तर मी हात जोडून सांगेन. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 1980 मध्ये लिंडी चेंबरलेनची नऊ आठवड्यांची मुलगी उलुरू नावाच्या प्रचंड खडकाजवळच्या कॅम्पमधून गायब झाली, आई म्हणाली डिंगोने, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्याने, तंबूतून उचलून नेली. पण ती टीव्हीवर लोकांना हवी तशी रडली नाही, झालं, लोकांनी ठरवून टाकलं की हिनेच मारलं. गाडीत बाळाच्या रक्ताचे शिंतोडे सापडले असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. नंतर कळलं की ते शिंतोडे रक्ताचे नव्हतेच, आवाज कमी करायला गाडीला आतून मारतात त्या लेपाचे होते. 1986 मध्ये पडून मेलेल्या एका पर्यटकाचा शोध घेताना डिंगोंच्या वावरातच बाळाचं जॅकेट सापडलं, तेच जे घातलं होतं असं आई पहिल्यापासून सांगत होती. तिची सुटका झाली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोमुळेच मृत्यू असं अधिकृतपणे लिहून यायला 2012 उजाडलं. दुःखात कुणी दगडासारखं बसतं, कुणी नको तिथे हसतं, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता कारणांचं. प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर लोक एकच कारण पकडतात, संस्कार, गेम्स, दारू, मानसिक आजार, अमुक समाज. अशा वेळी एकच प्रश्न विचारा, हेच कारण ज्यांच्या आयुष्यात आहे ते बाकीचे लाखो लोक असं का करत नाहीत? लहानपणी मार खाल्लेल्यांमध्ये हिंसेचा धोका वाढतो हे खरं, पण त्यातले बहुतेक जण कुणावर हात उचलत नाहीत, आणि मानसिक आजार असलेल्यांपैकीही बहुतेक कधीच हिंसक नसतात. खून बऱ्याचदा भांडणातून होतात, दारू प्यायलेली असते, हत्यार हाताशी असतं, मारणारे जास्त करून तरुण पुरुष असतात, आणि बायकांना तर अनोळखी राक्षसापेक्षा नवऱ्याकडून, जोडीदाराकडून, घरच्यांकडूनच जास्त धोका असतो. कारण समजून घेतलं म्हणजे माफ केलं असं होत नाही, पण कारणच कळलं नाही तर पुढचा गुन्हा थांबवणार कसा? शिक्षा किती कडक यापेक्षा पकडले जाऊ ही खात्री जास्त धाक बसवते, त्यामुळे फाशीची मागणी करण्याआधी तपास धड होतोय का, लॅबचे रिपोर्ट वेळेत येतायत का, हे विचारा.

आणि हो, निर्दोष मानणं हा कोर्टाचा नियम आहे, त्याचा अर्थ तक्रार करणारी खोटं बोलतेय असा होत नाही. ओळखीतल्या कुणी येऊन सांगितलं तर ऐकून घ्या, तक्रार द्यायला सोबत जा, मुलांना त्या माणसापासून लांब ठेवा, हे सगळं निकालाची वाट न बघता करता येतं. फक्त त्याचा फोटो, पत्ता, घरच्यांची नावं पसरवू नका, पीडितेची ओळख तर अजिबातच नाही.

आधीच काही फॉरवर्ड केलं असेल तर डिलीट करा, आणि केस कुठवर आली ते अधूनमधून बघत जा. आरोपी सुटला तर ती बातमी पण त्याच ग्रुपवर टाका जिथे पहिली टाकली होती.