मांजरीचं पिल्लू हाताला चावतंय? खेळ असा बदला

आमची चिंगी घरी आली तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची होती. सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यामागे, रिकाम्या पोत्यात सापडलेली. आठ दिवसांत लेकीचे दोन्ही हात ओरखड्यांनी भरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाकावर एक टिचकी द्या, सुधारेल." आम्ही दिली नाही, तुम्हीही देऊ नका. मारल्यानं पिल्लू हाताला घाबरायला लागतं, आणि घाबरलेलं मांजर जास्त जोरात चावतं.

पिल्लू रागानं चावत नाही, शिकारीचा सराव करतं. भावंडांत एकानं जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ सोडून निघून जातं. दात किती रुतवायचे हे त्यातूनच कळतं. लवकर आईपासून तुटलेल्या एकट्या पिल्लाला हे शिकवायला कुणी नसतं. ते काम आपलं.

आधी हात बाजूला. हाताशी कुस्ती नाही, पांघरुणाखाली बोटं वळवळवणं नाही. घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. बाकीचे सांभाळतात आणि मामा आला की हातानं खेळवतो, असं झालं तर पिल्लाला काहीच कळत नाही.

दात लागलेच तर हात झटकू नका. पळणारी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी उंदीर. हात आहे तिथेच ढिला सोडा. पकड सुटत नसेल तर किंचित त्याच्या तोंडाकडे न्या, मागे ओढू नका. सुटला की गप्प उठा आणि अर्धा-एक मिनिट पाठ फिरवा. ओरडायचं नाही, पाणी उडवायचं नाही. आम्हाला हे रोज करून तीन आठवडे लागले.

चावायला दुसरं काही द्या. जुना सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून कडा शिवून टाका, वीतभर लांबीची लोळी करा. चिंगी ती पुढच्या पायांनी कवटाळते, दात रोवते आणि मागच्या दोन्ही पायांनी दणादण लाथा घालते. पूर्वी हेच माझ्या मनगटावर चालायचं. काठीला कापडाची गाठ बांधून दिवसातून तीन-चार वेळा 5 ते 10 मिनिटं पळवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी ते झोपूनच असतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजराच्या अंगात येतं, तेव्हा खेळवा. शेवटी गाठ पकडू द्या आणि लगेच खायला घाला. खाऊन, अंग चाटून ते झोपी जातं.

आता सोलापूरकरांना कळकळीनं सांगते. आपल्या घरांत सूत, शिलाईचा दोरा, टॉवेलच्या दशा कुठेही पडलेल्या असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा सहसा थुंकता येत नाही, आत आतच सरकतो. आतड्यात अडकला तर आतडी चुण्यांसारखी गोळा होतात, कापलीही जातात. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका. तसंच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. काठीचं खेळणंही खेळ संपला की कपाटात.

साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत 26 दुधाचे दात पडून 30 कायमचे येतात, तेव्हा चावणं थोडं वाढतं. एरवी शांत असलेलं पिल्लू ठरावीक जागी हात लावताच चावायला लागलं, तर दुखणं असू शकतं. तपासून घ्या.

दात रुतून रक्त आलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि जखम आतून पिकते. रेबीजच्या लशीचंही तेव्हाच विचारा. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या.