इलेक्ट्रॉन सोडणारी फिल्म करंट देत नाही? आधी या चुका टाळा

फिल्म तयार होते. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) शिखरं जागच्या जागी येतात, सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग देखणा दिसतो. मग तिला कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा इलेक्ट्रोड) म्हणून व्हॅक्यूम चेंबरमध्ये बसवावं, तर करंटच येत नाही. किंवा पहिल्या दिवशी भरघोस करंट मिळतो आणि आठवड्याने त्याचा मागमूस राहत नाही. दोन्ही वेळा संशय फिल्मवर जातो. नवं डिपॉझिशन (थर देणं), नवं तापमान, नवा दाब असं करत महिना संपतो. एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलामुलींचे असे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. फिल्म बहुतेकदा ठीकच असते. चूक तिच्या वर, खाली किंवा मोजणीत असते.

एक गोष्ट पक्की धरा. तुम्ही ३०० नॅनोमीटरचा थर दिला असला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडणं किती सोपं, हे ठरवतो सगळ्यात वरचा एक-दोन अणूंचा थर. एक्सआरडी सांगतो पूर्ण जाडीबद्दल, त्या वरच्या थराबद्दल जवळपास काहीच नाही.

व्हॅक्यूम ‘बऱ्यापैकी’ आहे असं समजणं

एक दशलक्षांश टॉर (टॉर हे दाबाचं एकक) दाबाला चेंबरमधले रेणू पृष्ठभागावर इतक्या वेगाने आदळतात, की आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण एका सेकंदात पूर्ण एक थर बसतो. दाब एक अब्जांश टॉरवर आणला तर त्याच थराला सतराएक मिनिटं लागतात. म्हणजे दशलक्षांश टॉरला थंड कॅथोडची (न तापवता, विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या) मोजणी केली, तर तुम्ही आपल्या फिल्मची नव्हे, तिच्यावर बसलेल्या पाण्याची आणि कार्बनच्या संयुगांची मोजणी करता.

पाणी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये चेंबर उघडा ठेवून नमुना बदलला की नंतर दाब खाली यायला किती वेळ लागतो, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पंप चांगला असतो, भिंतींवर बसलेलं पाणी सुटत नसतं. चेंबर उघडताना साध्या हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडा, उघडा राहण्याचा वेळ कमीत कमी ठेवा आणि बंद केल्यावर सील सोसतील तेवढ्या तापमानाला बेक करा. धातूची गास्केट असतील तर २०० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवायला हरकत नाही. रबरी ओ-रिंग असेल तर तिची मर्यादा आधी पाहा.

गेज कुठे लावलंय तेही पाहा. पंपाच्या तोंडाशी असलेलं गेज नेहमी गोड बातमी देतं. नमुन्याजवळचा दाब त्याहून जास्त असतो, आणि उत्सर्जन सुरू झालं की आणखी वाढतो, कारण इलेक्ट्रॉन अॅनोडवर आदळून तिथला वायू सुटा करतात. त्या वायूचे आयन उलटे फिरून कॅथोडवर मारा करतात. करंट थरथरत असेल तर फिल्म बदलण्याआधी अॅनोड नीट डिगॅस करून (तापवून आतला वायू काढून) बघा.

लँथॅनम हेक्साबोराइड थेट टंगस्टनवर देऊन तापवणं

ही चूक जुनी आहे आणि अजूनही होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॅफर्टीने १९५१ साली या पदार्थाचं उत्सर्जन सविस्तर मांडलं, तेव्हाच हा धोकाही सांगितला होता. टंगस्टनचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लँथॅनम हेक्साबोराइडचं २.७ च्या आसपास. त्यामुळे टंगस्टनच्या तारेवर याचा थर द्यावा आणि तार तापवावी, हा विचार कुणालाही सुचतो. पण त्या तापमानाला बोरॉन टंगस्टन, मॉलिब्डेनम, टँटलम अशा धातूंमध्ये शिरतो. धातू ठिसूळ होतो. बोरॉनच्या जाळीनेच लँथॅनमचे अणू धरून ठेवलेले असतात. जाळी ढासळली की लँथॅनम उडून जातो आणि करंट कोसळतो. उपाय माहीत आहेत: रेनियम, ग्रॅफाइट किंवा वरून कार्बाइड केलेलं टँटलम वापरा.

तापवायचंच नसेल तर चित्र बदलतं. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणि इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात मिळून झालेल्या कामात लेसरच्या स्पंदांनी टंगस्टनच्या टोकावर हाच थर दिला होता. २००६ मध्ये त्याचं क्षेत्र-उत्सर्जन (तीव्र विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन ओढून काढणं) प्रसिद्ध झालं आणि थर टोकाला घट्ट चिकटलेला होता. त्यामुळे ‘टंगस्टन चालतं की नाही’ या प्रश्नाआधी ‘कॅथोड किती तापणार’ हे विचारा.

आणखी एक साधी खूण. हा पदार्थ छान जांभळा दिसतो. फिल्म राखाडी किंवा भलत्याच छटेची आली तर बोरॉन आणि लँथॅनमचं प्रमाण बिघडलंय किंवा ऑक्सिजन आत शिरलाय अशी शंका घ्या. स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने टार्गेटचे अणू उडवून थर देणं) करत असाल तर शटर बंद ठेवून टार्गेटचा वरचा थर आधी उडवून टाका. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि मग लँथॅनमचं ऑक्साइडच सबस्ट्रेटवर जाऊन बसतं.

बेरियमचा कॅथोड हवेत उघडणं

आर्थर वेनेल्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलेला ऑक्साइड कॅथोड पुढे रेडिओच्या व्हॉल्व्हपासून टीव्हीच्या पिक्चर ट्यूबपर्यंत पोचला. त्यातलं बेरियम ऑक्साइड ओलावा बघता बघता ओढतं आणि हायड्रॉक्साइड बनतं. म्हणूनच निकेलवर थर देतात तो बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटचा, कारण कार्बोनेट हवेत टिकतं. ऑक्साइड बनवायचं ते पंप चालू असताना, चेंबरच्या आत तापवून.

इथे दोन चुका होतात. पहिली, भराभर तापवणं. कार्बोनेट फुटताना भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो. पंपाला तो झेपला नाही तर दाब वर जातो आणि थराला भेगा पडतात. दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की हीटर तिथेच थांबवा, खाली आल्यावर पुढे जा. दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. एका विद्यार्थ्याने सक्रिय झालेला कॅथोड एक सैल तार बसवण्यासाठी दहा मिनिटं बाहेर काढला होता. पुन्हा पंप करून तापवल्यावर पांढरा थर पापुद्र्यांसारखा सुटला. तार आधी तपासली असती तर आठवड्याचं काम वाचलं असतं. ऑक्साइड झालं, की तो कॅथोड पुन्हा हवा पाहणार नाही, असंच नियोजन करा.

उपग्रहांच्या ट्यूबमध्ये लागणाऱ्या डिस्पेन्सर कॅथोडची गोष्ट थोडी वेगळी. सच्छिद्र टंगस्टनच्या गोळीत बेरियमची संयुगं भरलेली असतात आणि फिलिप्सच्या संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवलं, की वरून ऑस्मियमचा पातळ थर दिला तर वर्क फंक्शन सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने उतरतं. आकडा छोटा वाटतो, पण १३०० केल्विनला तेवढ्याने करंट जवळपास सहापट होतो. मोह होतो तो थर जाड द्यायचा. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास थांबा. छिद्रं बुजली की बेरियम वर येणार कुठून? ऑस्मियमबाबत एक कळकळीची सूचना: हवेत त्याचं टेट्रॉक्साइड बनतं, ते बाष्परूपात उडतं आणि डोळ्यांना, फुप्फुसांना घातक असतं. हे काम फ्यूम हूडखाली आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

पायरोमीटरचा आकडा खरा मानणं

ऑप्टिकल पायरोमीटर दाखवतो ते चमकेवरून काढलेलं तापमान. टंगस्टनसारख्या पृष्ठभागाचं खरं तापमान १३०० केल्विन असेल तर लाल प्रकाशात तो १२४० च्या आसपास दाखवतो. साठ अंश किरकोळ वाटतील. पण २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर्क फंक्शनच्या कॅथोडसाठी या दोन तापमानांच्या करंटमध्ये अडीचपटीहून जास्त फरक पडतो. ‘माझी फिल्म प्रसिद्ध आकड्यांपेक्षा अडीचपट चांगली’ असा आनंद कधी कधी नेमका इथून येतो. शिवाय बाष्प बसून खिडकीची काच काळवंडली की पायरोमीटर आणखी कमी दाखवतो आणि आपण हीटर वाढवत जातो.

क्षेत्र-उत्सर्जनाच्या आलेखावरून मनाजोगता β काढणं

फाउलर आणि नॉर्डहाइम यांचं १९२८ चं समीकरण वापरून आलेख काढायचा, उताराची रेघ मारायची आणि क्षेत्र किती पटीने वाढलं तो β लिहायचा, हे सगळे करतात. चुका या रेघेतच दडतात.

वर्क फंक्शन या सूत्रात दीड घाताने येतं. थर लँथॅनम हेक्साबोराइडचा आणि हिशेबात टंगस्टनचे ४.५ घातले, तर β दुपटीहून जास्त चुकतो. दुसरं, जळण्यापासून वाचवायला आपण मालिकेत १० मेगाओमचा रोधक लावतो. १०० मायक्रोअँपिअरला त्याच्यावरच १००० व्होल्ट पडतात. ते वजा केले नाहीत तर उतार सपाट होतो आणि β फुगतो. रोधक नसला तरी फिल्म आणि धारक यांच्यामधला कार्बन टेप किंवा निकृष्ट चांदीचा रंग हेच काम करतो. तिसरं, अंतर. २०० मायक्रॉनचा स्पेसर ठेवून त्यातून थराची उंची वजा न करणाऱ्यांनी क्षेत्राचा आकडा चार अंकांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही.

पडताळा सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. β ला तुमच्या बाह्य क्षेत्राने गुणा. ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पृष्ठभागावर १४ व्होल्ट प्रति नॅनोमीटरला अडथळाच नाहीसा होतो. खरं उत्सर्जन साधारण २ ते ६ च्या दरम्यान होतं. बाह्य क्षेत्र २ व्होल्ट प्रति मायक्रोमीटर आणि β १०,००० आला, तर पृष्ठभागावर २० व्होल्ट प्रति नॅनोमीटर होतात. असा आकडा छापू नका. रिचर्ड फोर्ब्स यांनी २०१३ मध्ये हीच तपासणी पद्धतशीर मांडली आहे. ती पाच मिनिटांत होते.

कार्बन नॅनोट्यूबचं दाट जंगल उगवून करंट वाढेल ही अपेक्षाही फसवी आहे. शेजारच्या नळ्या एकमेकींचं क्षेत्र झाकतात. उंचीच्या सुमारे दुप्पट अंतर ठेवलेल्या विरळ नळ्या जास्त देतात.

हिऱ्याच्या फिल्मबद्दल थोडक्यात. हायड्रोजनने झाकलेल्या पृष्ठभागाची इलेक्ट्रॉन अॅफिनिटी ऋण असते. म्हणजे कंडक्शन बँडमध्ये (जिथे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या ऊर्जापट्ट्यात) पोचलेला इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतो. पण शुद्ध हिरा विद्युतरोधक असल्याने तिथपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणार कोण? बऱ्याच फिल्म इथेच अडतात. आणि पृष्ठभागावर हायड्रोजनची जागा ऑक्सिजनने घेतली, की तो ऋणपणाही जातो.

तरीही करंट येत नसेल तर नवी फिल्म करण्याआधी एक काम करा. धारदार केलेलं साधं टंगस्टनचं टोक त्याच धारकात, त्याच तारांनी, त्याच अंतरावर लावा. त्याचा पूर्वीचा आलेख वहीत नोंदवलेला असला पाहिजे, नसेल तर आजच घ्या. टोकाने तोच आलेख दिला तर यंत्रणा ठीक आहे, मग फिल्मकडे वळा. आलेख उजवीकडे सरकला तर आधी दाब पाहा, नंतर टोक तापवून स्वच्छ करा. काहीच आलं नाही तर मल्टिमीटर घ्या आणि फीडथ्रूपासून (चेंबरच्या भिंतीतून तार आत नेणाऱ्या जोडणीपासून) धारकापर्यंतची एकेक जोडणी तपासा.