झाडं लावलेल्या माशांच्या टाकीचा तळ स्वस्तात करताय? मग या चुका टाळा

'महागडी अ‍ॅक्वासॉइल (पाण्यातल्या झाडांसाठी तयार मिळणारी माती) नव्हती म्हणून झाडं गेली,' हे ऐकून कान किटले आता. साध्या मातीवर वाळूचा थर दिला तरी क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया झकास वाढतात. घोळ होतो तो घाईमुळे.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कुंड्यांसाठी तयार मिळणारं मिश्रण टाकीत ओतणं. एका मित्राने हेच केलं. पिशवीवर 'सेंद्रिय' वाचून गडी खूश. आत शेणखत, खताच्या गोळ्या आणि परलाइटचे पांढरे दाणे. पाणी भरताच परलाइट वर आलं. ते गाळणीने काढताना वाळू उसकटली आणि सगळं पाणी गढूळ. तशातच दुसऱ्या दिवशी याने मासे सोडले! संध्याकाळी फोन: "अरे, सगळे वर येऊन तोंड वासतायत." जाऊन पाण्यातला अमोनिया तपासला, जो माशांना विषारी, तर तपासणीच्या नळीतलं पाणी गर्द हिरवं, म्हणजे अमोनिया भरमसाठ. मासे बादलीत काढले, एअर पंप लावला आणि रात्री उशिरापर्यंत तो चिखल मगाने उपसत बसलो.

माती हवी तर बिनखताची, साधी. चाळून काड्या-मुळं काढा. भिजवा, वरचं पाणी ओतून द्या, उन्हात वाळवा, असं तीन-चारदा. मातीचा थर 2 ते 3 सेंमी, वर तेवढीच किंवा थोडी जास्त वाळू, दाणा 1 ते 2 मिमीचा. वाळू आधी निवळ पाणी येईपर्यंत धुवा. टाकी भरताना मी तळाशी ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडतो. अमोनिया आणि नायट्राइट (तोही माशांना विषारीच) दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे नाहीत. त्याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तेवढा दम नसेल तर सरळ प्लास्टिकची झाडं घ्या.

दुसरं, दिसायला छान म्हणून पांढरी खडी उचलणं. संगमरवर, शिंपले, प्रवाळाचे तुकडे यांत चुना असतो. तो विरघळत राहतो आणि पाण्याचा जडपणा, पीएच वाढतो. कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर ती खडी नको.

रंगीत खडीचा रंग सुटू शकतो. टोकदार खडीवर कोरीडोराससारख्या तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिश्यांना इजा होऊ शकते. बारीक वाळूचा जाड थर दिलात तर खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. नुसत्या वाळूत काहीच पोषण नसतं, म्हणून मुळांपाशी रूट टॅब (मुळांसाठीच्या खताच्या गोळ्या) खुपसा आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवे द्या.

आणि अनुबियास, जावा फर्न यांचं आडवं खोड कृपा करून पुरू नका, कुजतं. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधा. टाकीत एवढीच झाडं असतील तर मातीच्या भानगडीत पडूच नका, वाळूचा पातळ थर पुरतो.