वाणसामानाच्या यादीत सुक्या फळांची नावे कशी लिहावीत

बाळंतपण, लग्न, दिवाळी किंवा ईद यांपैकी कोणत्याही निमित्ताने सुकामेवा आणायचा झाला, की यादी लिहिणारा हात दोन-तीन नावांपाशी हमखास अडखळतो. खजूर लिहावा की खारीक, मनुका की बेदाणे, आणि जर्दाळू लिहिले तर दुकानातल्या पोराला कळेल की खुबानी म्हणावे लागेल, असे हे प्रश्न असतात. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात परभणीच्या घरी डिंकाचे लाडू करायचे होते, तेव्हा मी घाईघाईने यादीत ‘खजूर एक किलो’ असे लिहून मोकळा झालो होतो. आईने तो खलबत्त्यात टाकला, दोन ठोके घातले आणि बत्त्याला चिकटून वर आलेला तपकिरी गोळा माझ्यासमोर धरून विचारले, “ह्याची पूड कशी करू, सांग.” दुकानदाराची काही चूक नव्हती, लिहिले होते तेच त्याने दिले होते.

खारीक म्हणजे वाळून कडक झालेला खजूर, असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. खजूर झाडावर पूर्ण पिकू दिला, की त्यातली साखर दाटून तो मऊ आणि चिकट होतो. खारकेसाठी मात्र फळ त्याआधीच, रंग भरला आहे पण अजून करकरीत आहे अशा अवस्थेत उतरवतात, पाण्यात उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. म्हणूनच डब्यात राहून गेलेला खजूर कितीही सुकला तरी त्याची खारीक होत नाही, तो फक्त चिवट होतो. पूड, लाडू, दुधात उकळणे आणि ओटी यांसाठी खारीक लिहावी; चटणी, वड्या किंवा उपवासाला नुसता खाण्यासाठी खजूर लिहावा. ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम आणि खोबऱ्याच्या वाटीच्या जोडीला खारीकच असते, कारण त्यातली प्रत्येक वस्तू कोरडी आणि टिकाऊ आहे, असे मला वाटते. सामान गुजरातेतून कोणी आणणार असेल तर एक खबरदारी घ्यावी: कच्छमध्ये ‘खारेक’ म्हणजे झाडावरून नुकतीच उतरवलेली ताजी, पिवळी किंवा लाल फळे.

द्राक्षांच्या बाबतीत नावच कसोटी सांगते. ‘बेदाणा’ हा फारसी शब्द असून ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘दाणा’ म्हणजे बी, त्यामुळे ज्यात बी लागेल त्याला बेदाणा म्हणता येणार नाही. मनुका मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे मोठ्या, काळपट आणि बियांच्या असतात, आणि रात्री भिजवून सकाळी खायला वैद्य सांगतात त्या याच. आता बिनबियांच्या काळ्या द्राक्षांचा मालही मनुका या नावानेच विकला जातो, म्हणून औषधासाठी हव्या असतील तर ‘काळ्या मनुका, बियांच्या’ असे पूर्ण लिहावे आणि घेताना एक दाताखाली धरून पाहावी. आपल्याकडे पुष्कळ जण या सगळ्यालाच सरसकट किसमिस म्हणतात. तसे लिहिल्यास दुकानदार बहुधा बेदाणेच बांधून देतो, आणि शिऱ्यासाठी तेच योग्य असतात.

बेदाण्याच्या रंगावरून फळ वेगळे आहे असे समजू नये. सांगली-तासगावकडे बिनबियांच्या द्राक्षांचे घड विशिष्ट तेल मिसळलेल्या क्षारयुक्त पाण्यात बुडवून सावलीत जाळ्यांवर पसरतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. सावलीत वाळलेला हिरवट राहतो, उन्हात वाळलेला तपकिरी होतो, तर एकसारख्या पिवळ्याधमक मालाला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते. तो दोनदा कोमट पाण्यातून काढून मगच वापरावा.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आपल्या बाजारात एकाच जिन्नसाची दोन नावे अजून नांदतात. पुण्याकडून आलेली सून जर्दाळू म्हणते, तर नांदेडचा जुना दुकानदार त्याच बरणीकडे बोट दाखवून खुबानी म्हणतो. यादीत दोन्ही लिहावीत, शाईला पैसे पडत नाहीत. शीरखुर्म्याच्या यादीत कोणी ‘खुरमा’ लिहिले असेल तर गोंधळू नये, कारण शीर म्हणजे दूध आणि खुरमा म्हणजे खजूर; आपल्या शेजारच्या घरांत त्यासाठी खारीकच भिजवून, उभी चिरून घालतात. जर्दाळू आणि आलुबुखार यांतल्या ‘आलू’चा बटाट्याशी काही संबंध नाही. फारसीत आलू म्हणजे आलुबुखाराच्या जातीचे फळ, ‘जर्द’ म्हणजे पिवळे, आणि बुखारा हे गावाचे नाव. जर्दाळूची आठळी फोडली की बदामासारखा गर निघतो. तो गोड असेल तरच खावा, कडू लागला तर मुलांच्या हातून काढून घेऊन टाकून द्यावा, कारण त्या कडूपणातच विष असते.

अंजिराला मात्र ओले-सुके असा नावाचा भेद नाही, त्यामुळे ‘सुके अंजीर’ असे स्पष्ट लिहावे किंवा ‘अंजिराची माळ’ म्हणावे. दोरीत ओवून येते ते सुकेच असते. याउलट आपल्या घरगुती वाळवणांना भाषेने नीट वेगळी नावे दिली आहेत. आवळ्याची आवळकाठी होते, कैरीच्या फोडींची आंबोशी आणि तिची पूड केली की आमचूर, कोकणातल्या रातांब्याच्या सालीचे आमसूल. आपल्या माळावरच्या बोरांना एवढे भाग्य लाभले नाही; ती वाळली तरी बोरेच राहतात आणि कुटली की तेवढे बोरकूट होते.

यादी करताना प्रत्येक नावापुढे बी हवे की नको आणि जिन्नस कशासाठी हवा आहे, हे दोन-तीन शब्दांत लिहावे, उदाहरणार्थ ‘खारीक, बी काढलेली, अर्धा किलो, लाडूंसाठी’. सबंध खारीक घेत असाल तर बियांचे वजन धरून थोडी जास्त सांगावी, आणि तयार खारीक पूड घेण्यापेक्षा घरी फोडलेली बरी, कारण फोडताना आतली कीड दिसते. यादी फोनवरून सांगायची झाल्यास ‘खारीक’मधला शेवटचा ‘क’ ठासून उच्चारावा. आमच्याकडे एकदा त्याऐवजी बेकरीच्या खारीचे दोन पुडे आले होते.